नॉर्मल पोट पाहिजे

परभणीत काय मिळत नाही? ज्वारीत ‘परभणी मोती’ आहे, भेंडीत ‘परभणी क्रांती’ आहे. कृषी विद्यापीठानं जिल्ह्याचं नाव पार भाजीच्या टोपलीपर्यंत पोचवलं. मिळत नाही ते फक्त नॉर्मल पोट. मला ते तासभरासाठी हवं होतं, उघडं, आणि जानेवारीच्या थंडीत गार जेल लावून घ्यायला राजी असलेलं.

गरज पडली ती डीआरपीमुळे, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅममुळे. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकानं तीन महिने जिल्ह्याच्या ठिकाणी काढायचे, असा नियम २०२० साली आला. त्यातून इमर्जन्सी मेडिसिनचे काही रेसिडेंट आमच्याकडे उतरले. ही शाखाच आपल्याकडे २००९ मध्ये मान्य झाली, त्यामुळे तिचा जाणकार इथं कोण असणार? मी पुण्यात एका कार्यशाळेला जाऊन आलेलो. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथं तर वासरंही माझ्यापेक्षा जास्त शिकलेली.

शिकवायचं होतं ‘फास्ट’. अपघातातल्या माणसाच्या पोटात रक्त साठलंय का, हे खाटेजवळच सोनोग्राफीनं बघायचं. उजवीकडे यकृत आणि किडनीच्या मधली मॉरिसनची फट, डावीकडे प्लीहेची बाजू, छातीच्या हाडाखालून हृदय आणि शेवटी ओटीपोट. साठलेलं रक्त पडद्यावर काळं दिसतं. पण काळं ओळखायचं तर आधी निरोगी पोट कसं दिसतं ते डोळ्यांत बसावं लागतं.

वॉर्डातल्या मामांना विचारलं. ते दोन पावलं मागं सरकले. मागं एकदा गंमत म्हणून मी त्यांच्या पोटावर प्रोब ठेवला होता आणि पित्ताशयात खडा निघाला होता. “आधी दुखत नव्हतं सर. तुमी बघितलं अन् दुखायलं,” असं त्यांचं ठाम निदान. विद्यार्थ्यांना झोपवलं तर शिकणार कोण? राहिलो मी.

सेमिनार हॉलमध्ये दार लावून हे करता आलं असतं, पण सोनोग्राफीचं यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर नेता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये आणखी कडक झालेला. आणि २०१२ मध्ये शेजारच्या परळीत स्त्री-भ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीस आलं, त्यानंतर या भागात यंत्राकडे कुणी वाकडं बघायलाही धजत नाही. ते योग्यच आहे. त्यामुळे वर्ग भरला कॅज्युअल्टीच्या कोपऱ्यात, अर्धवट पडद्याआड. मी शर्ट वर करून आडवा झालो, आणि डोक्यावर ठळक अक्षरांत पाटी: ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’.

पडद्याच्या फटीतून एका आजोबांनी पाटी वाचली, माझं पोट न्याहाळलं आणि सिस्टरला हळूच विचारलं, “सायबाला कितवा चालू हाय?”

मी ऐकलं नाही असं दाखवून मॉरिसनवर बोलू लागलो. प्रोब धरलेली मुलगी म्हणाली, “सर, यकृत किडनीपेक्षा खूप पांढरं दिसतंय.”

“गेन कमी करा.”

तिनं गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, कमी केला. किडनी काळी पडली, पडदा काळा पडला, आजूबाजूचं सगळं काळं पडलं. यकृत मात्र पांढरंच.

“फॅटी लिव्हर,” दुसरा म्हणाला. “ग्रेड टू वाटतंय, सर. आपण तेल कमी...” मी रोज ओपीडीत जे भाषण देतो, ते त्यानं मला त्याच सुरात ऐकवलं.

डावी बाजू दिसेचना. आदल्या दिवशी वसमत रोडच्या शेतावर हुरडा झाला होता, सोबत तुरीच्या शेंगा आणि लसणाची चटणी. वायूपुढं अल्ट्रासाउंडचं काही चालत नाही. ध्वनी तिथूनच परत फिरतो. प्लीहा शोधायला प्रत्येकानं बरगड्यांमधून नेटानं दाबून बघितलं. गुदगुल्यांनी मी हललो की चित्र हलायचं आणि रेसिडेंट म्हणायचे, “सर, जरा स्थिर राहा ना.”

खरी पंचाईत ओटीपोटाची. मूत्राशय भरलेलं असेल तरच त्याच्यातून मागचं दिसतं, म्हणून मी शिक्षकी उत्साहात लीटरभर पाणी पिऊन आलो होतो. मात्र पोरं पुस्तकाच्या क्रमानं चाललेली, आणि ओटीपोट शेवटी. तिथवर येईतो मला हृदय, फुप्फुस, विज्ञान, सगळ्याचा वीट आला होता. प्रोब बरोबर मूत्राशयावर दाबत एकानं विचारलं, “सर, इथं जोर किती द्यायचा?” उत्तर न देता मी उठलो. पोटावर जेल, पायात एकच चप्पल, वाट आजोबांच्या बाकावरून. “मोकळं करा रे, सायबाला कळा सुटल्यात,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात गंगाखेडकडून उसाचा ट्रॅक्टर उलटलेला तरुण आला. रक्तदाब घसरलेला, चेहरा पांढराफटक. मी जेलची बाटली शोधत होतो, तेवढ्यात त्या मुलीनं प्रोब टेकवलासुद्धा. मॉरिसनच्या फटीत काळी पट्टी, स्वच्छ, कुणालाही कळेल अशी. तिनं सर्जनना फोन केला, दुसऱ्यानं रक्तपेढीला. मी पोचलो आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, “गेन बघितला का?”

“हो सर,” ती म्हणाली. “तुम्ही जरा ही सलाइनची बाटली धरता का?”

मी ती ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत धरली. बऱ्यापैकी उंच धरली होती.