बिनखात्याचे साडूभाऊ

आमचे साडूभाऊ एका मोठ्या खासगी बँकेत चीफ कस्टमर एक्स्पीरियन्स ऑफिसर आहेत. ही पदवी लग्नाच्या बैठकीत एका दमात सांगता येत नाही, म्हणून सासूबाई "बँकेत मोठे आहेत" एवढ्यावर भागवतात. नोकरीला लागले तेव्हा ते नुसते ग्राहकसेवा अधिकारी होते. 'तक्रारवही मागितल्यास मिळेल' ही पाटी त्यांच्या डोक्यावर, वही कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. शेजारी ग्राहकाची थोरवी सांगणारी, गांधीजींच्या नावावरची ती तसबीर. गांधीजी तसं कुठे बोलले याचा पुरावा आजवर कुणी दिलेला नाही, पण भांडायला आलेला माणूस ती वाचता वाचता जरा निवायचा. पुढे ते कस्टमर केअरचे मॅनेजर झाले, 'मराठीसाठी तीन दाबा'चा जमाना आला. दर वेळी पाटी बदलली, पगार वाढला. काम तेच राहिलं: दुसऱ्याने घातलेल्या घोळाबद्दल आपण दिलगिरी व्यक्त करणं.

आता ते थेट एमडींच्या हाताखाली आहेत. पण कर्ज मंजूर करणारे वेगळे, ॲप बनवणारे वेगळे, शाखा तिसऱ्याच्या ताब्यात आणि कॉल सेंटर कंत्राटावर. साडूभाऊंच्या वाट्याला आलं ते ग्राहकाचं मन. म्हणजे बिनखात्याचे मंत्री! केबिन आहे, मान आहे, सहीला फाइल येत नाही. शिव्या मात्र पत्ता शोधत बरोबर त्यांच्याच टेबलावर येतात. तक्रार करणाऱ्याचं ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर तो थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातो, आणि मग एमडी साडूभाऊंना बोलावतात.

या व्यवसायाने त्यांची भाषा पार बदलली. भाचीच्या लग्नात त्यांनी चपला काढण्यापासून अहेराच्या पाकिटापर्यंत पाहुण्याची 'जर्नी' पत्रिकेच्या पाठीमागे काढली. त्यात मठ्ठा हा निर्णायक टचपॉइंट ठरला. आचाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, जिलेबी संपत आलीय, तेवढं बघा."

त्यांचा खरा जीव अडकलाय तो एनपीएसमध्ये. (मी पेन्शन समजून अभिनंदन केलं होतं.) फ्रेड राइकहेल्ड या अमेरिकन गृहस्थांनी २००३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडलेला हा हिशेब. ग्राहकाला एकच प्रश्न: आमची शिफारस कराल का, शून्य ते दहा गुण द्या. नऊ-दहा देणारे प्रचारक, सात-आठवाले तटस्थ, सहा किंवा कमी देणारे निंदक. प्रचारकांच्या टक्क्यांतून निंदकांचे टक्के वजा करायचे की उरतो तो स्कोअर. साडूभाऊंचा बोनस त्यालाच टांगलेला.

आणि पुणे त्यांना वर येऊ देत नाही. एकदा कार्यालयात पुण्याचे निंदक तपासताना त्यांना ओळखीचा खातेक्रमांक दिसला. सासूबाईंचा. जावयाच्या बँकेला सहा! सासूबाई जन्मभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"अहो, साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास! माझ्याकडे निबंधाला दहापैकी सात पडले की पोरं पेढे वाटायची."

"पण सहाला निंदक धरतात."

"कोण धरतं?"

"राइकहेल्ड म्हणून एक आहेत अमेरिकेत."

"त्यांना म्हणावं, बोर्डाचे पेपर तपासायला बसा एकदा."

साडूभाऊंनी खरोखरच वरती टिपण पाठवलं, की पुण्यातला सात हा प्रचारक धरावा. फेटाळलं गेलं. तेव्हापासून कार्ड पोचवायला येणारा मुलगा दारातच "दहाच द्या हो, नाहीतर माझं काही खरं नाही" म्हणून उभा राहतो. माझ्या मते हा अनुभव नव्हे, जोगवा आहे. असल्या गुणमागणीला खुद्द राइकहेल्डही कंटाळले. २०२१ साली त्यांनी लिहिलं, की आता जुने ग्राहक टिकून आणि त्यांच्या शब्दावर नवे येऊन किती कमाई झाली ते हिशेबात दाखवा. बँकेच्या फायनान्सवाल्यांनी बाकी लेख सोडून तेवढंच वाचलं. "स्कोअर चारने वाढला, छान. रुपये किती?" या प्रश्नावर साडूभाऊ रात्री-अपरात्री एक्सेल उघडून बसतात. मायेचं बोलणाऱ्या माणसाला उतारवयात वसुलीची भाषा शिकायला लागली.

त्यात बॉट आला. पूर्वी शंभर पोरांना ते नम्रपणा शिकवत, आता या एकालाच. पहिल्याच आठवड्यात त्याने कार्ड हरवलेल्या बाईंचं अभिनंदन केलं. साडूभाऊ रोज त्याची संभाषणं वाचून चुका काढतात, पण हा ना रजा मागतो, ना बोलणी खाल्ल्यावर ओशाळतो. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये आपला बॉट ७०० माणसांचं काम करतो असं सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. ती बातमी साडूभाऊंच्या मोबाइलमध्ये आहे. ती ते भेटेल त्याला दाखवतात.

परवा जेवताना त्यांनी एअर कॅनडाचा किस्सा काढला. बॉटने आजी वारलेल्या प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीचा नियम चुकीचा सांगितला, कंपनीने सवलत नाकारली, प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणात गेलं.

"कंपनीचं म्हणणं काय, तर जवळजवळ असं, की बॉट हा स्वतंत्र, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! आई, त्या यंत्राला स्वतंत्र अस्तित्व मागितलं हो कुणीतरी. मला इतक्या वर्षांत साधं खातं नाही दिलं."

"मग निकाल काय लागला?" सासूबाईंनी आमटी वाढत विचारलं.

"कंपनी हरली. साडेसहाशे डॉलर भरपाई."

"मग बरंय की. खातं असतं, तर ते तुमच्याच खात्यातून गेले असते. भात घ्या."