बोलणं माझं मी बघतो

मे महिन्यात चौलच्या वाडीवर पोरंसोरं जमली की ओटीवर पट मांडला जातो. पूर्वी सोंगट्यांचा असे. हल्ली भाचा वीस बाजूंचा फासा घेऊन येतो आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ सुरू होतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला हा खेळ. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली पात्रं व्हायचं, अडेल तिथे फासा टाकायचा. यातलं ‘पात्रं’ एवढंच भाऊकाकांच्या कानी पडलं आणि ते झोपाळ्यावरून उतरून आमच्यात येऊन बसले. तिसरं वर्ष आहे, अजून उठलेले नाहीत.

भाऊकाका उत्सवातले नट. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधले संभाजीराजे त्यांनी तीन वर्षं केले, त्यातली एक एंट्री चष्म्यासकट. अजूनही “चहा झाला का?” हे ते शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असंच विचारतात.

खेळाआधी प्रत्येक पात्राच्या अंगी काय किती आहे ते कागदावर मांडतात. भाऊकाकांनी आलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा, १८, ताकदीला दिला आणि सगळ्यात बारका, ८, करिझ्म्याला.

“काका, याला लोकांची मनं वळवता येणार नाहीत,” भाचा म्हणाला.

“तू लिही. बोलणं माझं मी बघतो.”

सगळी गोम इथे आहे. पात्र करायचं दगड, आणि त्याच्या तोंडून बोलायचं मात्र आपण! असा एक गडी प्रत्येक टोळक्यात असतो म्हणे. आमच्या वाट्याला आलेला नेमका पल्लेदार वाक्यांचा निघाला.

यंदा भाच्याने गोष्ट आमच्याच बंदरातली घेतली. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला. खेळात आम्ही निकितीनचे सोबती, भाऊकाका दुभाषी. खानाला पटवून घोडा सोडवायचा.

“थांबा, हा प्रवेश मी घेतो,” म्हणून भाऊकाका उठले. घोड्याच्या आईपासून सुरुवात केली. समुद्र आणला, परदेश आणला, मध्येच खाली बसून घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. शेजारच्या वाडीतला नारळ पाडणारा माडावरच थांबला. खरं सांगतो, माझा घसा दाटून आला.

“वा काका! आता फासा टाका. पंधरा लागतील.”

पडले तीन. करिझ्म्यापायी त्यातला एक वजा.

“खानाला जांभई आली,” भाचा म्हणाला.

भाऊकाकांचा तो चेहरा मी विसरणार नाही. “फाशांनी बोलणारा एकच होऊन गेला, शकुनी. त्याचं काय झालं?”

“शकुनीचं दान तरी पडत होतं,” भाचा पुटपुटला. मग म्हणाला, “काका, ताकद अठरा ना? उद्या किल्ल्याचं दार फोडताना फासा मागू नका. हे माजघराचं दार आहे, द्या खांदा.”

भाऊकाका कमरेला पट्टा लावतात. त्यांनी विषय बदलला.

त्यांच्या वाणीबद्दल माझं मत सांगायचं तर पांढऱ्या कांद्याची गोष्ट सांगावी लागेल. कार्लेखिंडीच्या अलीकडे रस्त्याकडेला बाई कांद्याच्या माळा घेऊन बसली होती. भाऊकाका गाडीतून उतरले ते भाव पाडायलाच. दहा मिनिटं बोलले. बाईने मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं बोलता. किती देऊ?” सांगेल त्या भावाने दोन माळा घेऊन आले. एकच हवी होती.

तर खेळात भाच्याच्या कॉलेजातली पेणची एक मुलगी होती. पाणी हवं असलं तरी मागणार नाही अशी. तिच्या पात्राचा करिझ्मा १७. तिने हळूच सांगितलं, “मी खानाला पटवते,” आणि फासा उचलला.

“पटवते म्हणजे काय? वाक्य बोल! पोटातून आवाज काढ!”

मुलगी लाल झाली. फासा मुठीतच राहिला. भाच्याने पुस्तक उघडलं. १९७४च्या पहिल्या पुस्तकांतही वाटेत भेटलेल्याची मर्जी दोन साध्या फाशांवर ठरवायची सोय होती, वगैरे वगैरे. पुस्तकाला कोण विचारतो?

काकू गरे सोलत होत्या. हाताचं तेल न पुसता त्या म्हणाल्या, “अहो, तुम्हांला विंगेतून वाक्य कोण देत होतं?”

गावाला हे ठाऊक आहे. तीन वर्षांत संभाजीराजांचं एक स्वगत कधी पाठ झालं नाही. विंगेत वही घेऊन काकू उभ्या असत, तेव्हा त्या काकू नव्हत्या.

“तुम्हांला मी होते,” काकू म्हणाल्या. “तिला फासा आहे. टाकू द्या की.”

भाऊकाका बराच वेळ बोलले नाहीत, म्हणजे दीडेक मिनिट. निकितीनचा घोडा तरी कुठे त्याच्या स्वतःच्या बोलण्याने सुटला? खुरासानच्या एका महंमदाने खानापुढे रदबदली केली म्हणून सुटला. हे मी सांगणार होतो, पण भाऊकाका सरकत सरकत त्या मुलीशेजारी जाऊन बसले होते.

“टाक गं. जे पडेल त्याचं वाक्य मी देतो.”

अठरा पडले. भाऊकाका तिच्या कानात काहीतरी बोलले. तिने ते, बऱ्यापैकी ऐकू येईल असं, खानाला ऐकवलं. घोडा सुटला.

आता रोज तेच चालतं. दान तिचं, वाक्य काकांचं. मोठं दान पडलं तर ते दोन शब्दांत उरकतात. खरी खुशी बारक्या दानाची. परवा एक पडला, तर राजदरबारात शिंका, विसरलेलं नाव, सुटलेलं धोतर असा अर्धा तास प्रवेश रंगला आणि पेणची मुलगी पोट धरून हसत होती. कालपासून ती फासा हलवू लागली की भाऊकाका डोळे मिटून पुटपुटतात, “एक पड, एक पड.”