एकत्र कुटुंबातील डाउनलोड : निदान, नियमन आणि तहाचा मसुदा

घरातील इंटरनेट जोडणी ही अविभक्त मालमत्ता असते. बिल एक जण भरतो, पासवर्ड दुसऱ्याच्या लक्षात असतो आणि उपभोग सगळे घेतात. तिचा सातबारा निघत नाही, त्यामुळे हद्दीचे तंटे तलाठ्याकडे न जाता रात्रीच्या जेवणाच्या वेळी निघतात. या तंट्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते : घरातल्या कुणीतरी मोठे डाउनलोड लावलेले असते.

मोठे म्हणजे किती मोठे, हे केवळ आकारावरून ठरत नाही. इतरांना सांगून लावलेले ते लहान आणि खोलीचे दार लोटून घेऊन लावलेले ते मोठे, ही व्यवहारातली कसोटी पुरेशी आहे. तरीही आकडे हवेच असतील तर हिशेब असा. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे ‘चाळीसचा प्लॅन’ घेतलेल्या घरात सेकंदाला पाचच एमबी उतरतात. हल्लीचा एखादा मोठा गेम १०० जीबीच्या घरात जातो. तो उतरायला सलग साडेपाच तास लागतात, तेही घरातले बाकीचे सगळे गावाला गेले असतील तर. संध्याकाळी सहाला लावलेला गेम साडेअकराला उतरणार. मधल्या वेळात घरात तीन मालिका, एक ऑनलाइन क्लास, ‘पाचच मिनिटं’ म्हणून सुरू झालेली ऑफिसची मीटिंग आणि अमेरिकेतल्या नातवाशी बोलणे एवढे सगळे उरकायचे असते.

डाउनलोडची बाधा सर्वांना सारखी होत नाही. मालिका पाहणाऱ्याला ती सर्वांत कमी होते. मालिका-चित्रपट दाखवणारी ॲप पुढचा थोडा भाग आधीच आणून ठेवतात आणि नेट कमी पडू लागले की चित्राचा दर्जा उतरवतात. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सुचवते. तेवढे मिळाले नाहीत तर सासूबाईंच्या साडीचे काठ पुसट होतात, कारस्थान मात्र स्वच्छ ऐकू येते. क्लासमधल्या विद्यार्थ्याला नेट गेल्याचे दुःख होते असे गृहीत धरू नये.

खरे हाल होतात ते बोलणाऱ्यांचे. आजी फोन अशा बेताने धरते की पलीकडे फक्त कपाळ आणि पंखा दिसावा, आणि विचारते, ‘‘जेवलास का रे?’’ नातू तोंड अर्धवट उघडून गोठलेला असतो. आजी आवाज चढवून पुन्हा विचारते. तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर येते, त्यावर दुसरा प्रश्न आदळतो, ‘‘हो आजी, जेवलो’’ हे दोनदा ऐकू येते आणि कॉल तुटतो. नुसत्या आवाजाच्या कॉलला १०० केबीपीएससुद्धा भरपूर होतात, म्हणजे चाळीसच्या प्लॅनचा चारशेवा हिस्सा. ज्याची गरज सर्वांत कमी त्याचीच सर्वांत जास्त परवड व्हावी, हे कोडे वेगाच्या हिशेबाने सुटत नाही.

ते सुटते रांगेच्या हिशेबाने. पिठाच्या गिरणीत कुणी आधी येऊन गव्हाची चार पोती लावून ठेवली, तर मागून आलेल्या वाटीभर भाजणीला चारही पोती दळून होईपर्यंत ताटकळावे लागते. गिरणी कितीही जोरात फिरत असली तरी भाजणीचा वेळ ठरतो पुढच्या पोत्यांवर. नेटच्या वाटेवर ही पोती साठवण्याची जागा असते यंत्रांच्या मेमरीत. मेमरी स्वस्त झाली तशी उत्पादकांनी ही जागा ऐसपैस केली. माल सांडू नये हा हेतू चांगलाच होता. डाउनलोड आणि अपलोड करणारी यंत्रे ती काठोकाठ भरून टाकतात. ज्या घरात अपलोडचा वेग ५ एमबीपीएस आहे, तिथे १ एमबीची रांग पुढे सरकायला १.६ सेकंद लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मानकाप्रमाणे संभाषण सुखाने चालायचे तर आवाज एका बाजूकडून दुसरीकडे १५० मिलिसेकंदांत पोहोचावा. आजीचा प्रश्न तर दीड सेकंद नुसता उंबरठ्यावरच उभा राहतो.

या दुखण्याला जाणकार ‘बफरब्लोट’ म्हणतात. ते चव्हाट्यावर आणले जिम गेटिस यांनी. एक्स विंडो या संगणक-प्रणालीच्या मूळ कर्त्यांपैकी ते एक. २०१० मध्ये घरून मोठ्या फाइली पाठवताना जोडणी अडखळते का, हे त्यांनी मोजून पाहिले. आपल्याकडे अशा वेळी मोजमापाऐवजी केबलवाल्याला फोन करण्याची प्रथा आहे.

कुणाला किती वेग मिळावा, या वाटणीचा नियम त्याहून जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला, जेमतेम ४०० यार्डांचा दुवा असा तुंबला की सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला. चिठ्ठी देऊन शिपाई धाडला असता तर काम लवकर झाले असते. त्यानंतर १९८८ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी जी शिस्त मांडली तिचा गाभा आजही चालतो : प्रत्येक जोडणीने हळूहळू वेग वाढवत न्यावा आणि वाटेत माल गळू लागला की पटकन माघार घ्यावी. यातून रुंदी साधारण समान वाटली जाते. पण ही वाटणी माणशी होत नाही, जोडणीमागे होते. आजोबांनी वर्तमानपत्राचे एक पान उघडले तर त्यांच्या नावे एक-दोन जोडण्या. घरातल्या नातवाच्या डाउनलोडरने फाइलचे तुकडे करून वीस उघडल्या, तर त्याच्या पानात वीस वाढपे. टॉरेंट तर आख्खी पंगत एकटाच अडवतो. यात कुणी नियम मोडलेला नसतो. नियमच भोळा आहे.

निदानाचा भाग नाजूक असतो. ‘‘कोण काय डाउनलोड करतंय?’’ असे मोठ्याने विचारून उपयोग नाही, कारण सर्व खोल्यांतून ‘‘मी काहीच करत नाहीये’’ एवढेच उत्तर येते, आणि पुष्कळदा ते खरे असते. काम यंत्र परस्पर करत असते. विंडोज अपडेट उतरवते. गेमची ॲप नव्या आवृत्त्या आणतात. आणि लग्नाहून परतलेला फोन घरचे वाय-फाय लागताच हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे व्हिडिओ ढगात चढवू लागतो. हा शेवटचा आरोपी सहसा सुटतो, कारण ‘डाउनलोड’ शोधणाऱ्याचे लक्ष अपलोडकडे जात नाही. वास्तविक डाउनलोड करणाऱ्या यंत्रालाही ‘माल पोहोचला’ अशी पोच उलट दिशेने धाडावी लागते. अपलोडची वाट तुंबली की पोच अडकते आणि उतरणारा मालही मंदावतो. म्हणजे मावशींचा फोन नुसता चार्जिंगला लावलेला असतो आणि बोलणी भाचा खात असतो.

चाचणी मात्र सोपी आहे. घर शांत असताना आणि मग डाउनलोड चालू असताना फास्ट डॉट कॉमवर जावे. तेथे ‘शो मोअर इन्फो’ दाबल्यावर विलंबाचे दोन आकडे दिसतात : एक रिकाम्या जोडणीचा, एक भार असतानाचा. दुसरा आकडा पहिल्याच्या थोडा वर असेल तर रांग आटोक्यात आहे आणि दोष अन्यत्र शोधावा. तो शेकड्यांत गेला असेल तर पुढचे उपाय वाचावेत.

आधी रूढ उपायांचा परामर्श. राउटर बंद करून पुन्हा चालू करणे हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय. त्याने गुण येतो, कारण त्या दोन मिनिटांत डाउनलोडही थांबते. ते पुन्हा आपणहून सुरू झाले की गुण जातो. तोवर उपाय करणारा समाधानाने झोपलेला असतो. दुसरा उपाय राउटरची जागा बदलण्याचा, आणि तो पूर्ण निरुपयोगी नाही. माळ्यावर, टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाच्या आड ठेवलेल्या राउटरचा सिग्नल आतल्या खोलीत पोहोचेतो क्षीण होतो. क्षीण सिग्नलवरचा फोन तेवढ्याच मजकुराला जास्त वेळ हवा अडवतो आणि ती हवा सगळ्यांची असते. राउटरवर विणलेला रुमाल घालण्याने सिग्नलचे फारसे बिघडत नाही, राउटर तापतो.

तिसरा उपाय मोठा प्लॅन घेण्याचा. कंपनीचा प्रतिनिधी पहिल्या वाक्यात तोच सुचवतो. शंभरच्या प्लॅनवर तोच १०० जीबीचा गेम सव्वादोन तासांत उतरतो आणि कलहाचा काळ घटतो, हा लाभ नाकारू नये. पण उतरवणारे सॉफ्टवेअर जेवढी रुंदी मिळेल तेवढी व्यापते. त्यामुळे त्या सव्वादोन तासांत आजीची स्थिती फारशी बदलत नाही. शिवाय गेम लवकर उतरतो असे दिसले की दुसराही लावला जातो.

खरा उपाय उगमापाशी करायचा. स्टीमसारख्या गेमच्या ॲपमध्ये डाउनलोडचा वेग बांधता येतो आणि स्वयंचलित अपडेटची वेळही ठरवता येते. विंडोजमध्ये अपडेटच्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ विभागात मर्यादा घालता येते. फोटोंचा बॅकअप रात्रीपुरता चालू ठेवता येतो. चाळीसच्या प्लॅनवर गेमला २५ ची मर्यादा घातली तर तो साडेपाचऐवजी जवळपास नऊ तास घेतो. गेमची वाट दोन महिने पाहिलेल्या माणसाला हे साडेतीन तास असह्य का व्हावेत, हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

उगमापाशी सहकार्य मिळत नसेल तर राउटरकडे जावे. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, नाव आणि पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या चिकटपट्टीवर. आत ‘बँडविड्थ कंट्रोल’ किंवा ‘क्यूओएस’ असे काही आढळल्यास तेथे एकूण वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी. विकत घेतलेला वेग हाताने कमी करायचा, हे ऐकून बिल भरणारे गृहस्थ अस्वस्थ होतात. त्यांना कारण सांगावे. उतरणाऱ्या मालाची रांग एरवी कंपनीच्या यंत्रात लागते आणि तिथे घरच्यांचे कुणी ऐकत नाही. मर्यादा थोडी खाली आणली की रांग घरच्या राउटरमध्ये येते, आणि तिथे कुणाला आधी सोडायचे हे आपल्या हाती राहते. चांगल्या राउटरांत ‘स्मार्ट क्यू’ किंवा ‘एसक्यूएम’ नावाची सोय असते. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवर ती फुकट मिळते. ती पोत्यांच्या मधूनच भाजणीला वाट देते. तिच्यातली ‘केक’ ही पद्धत २०१८ पासून लिनक्समध्ये आहे, आणि योग्य पर्याय निवडल्यास ती जोडण्या न मोजता उपकरणागणिक वाटणी करते. नातवाने मग वीस नव्हे, दोनशे जोडण्या उघडाव्यात.

यंत्रांची व्यवस्था लागल्यावर माणसांचा तह करावा. रात्री १२ ते सकाळी ६ हा काळ मोठ्या डाउनलोडसाठी राखून ठेवावा. ही प्रथा नवी नाही. एके काळी काही ब्रॉडबँड योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतला वापर मोजलाच जात नसे, आणि त्या वेळेचे गजर लावून उठणारी एक पिढी आज ‘नेट जपून वापरा’ असे सांगत असते. दहावी-बारावीच्या वर्षी अभ्यासाच्या व्हिडिओला अग्रक्रम द्यावा, मात्र व्हिडिओ अभ्यासाचाच आहे याची खात्री पडद्याकडे बघून करावी, आवाजावरून नव्हे. परदेशी कॉलच्या कलमात वर्षातून दोनदा दुरुस्ती लागते : भारतात रात्रीचे ९ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. शेजाऱ्यांना ‘दोन दिवसांसाठी’ दिलेला पासवर्ड आपोआप परत येत नाही. त्यांच्यासाठी ‘गेस्ट नेटवर्क’ उघडून त्यावर मर्यादा घालावी. आणि ‘अनलिमिटेड’ या शब्दावर फार विसंबू नये. काही योजनांत महिन्याला ३३०० जीबी झाले की वेग पाडला जातो. हे बारीक अक्षरात लिहिलेले असते आणि कळते ते महिनाअखेरीस.

अंमलबजावणीत अडचण एकच उरते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाता येणारी घरातली एकमेव व्यक्ती बहुधा तीच असते, जिच्यावर मर्यादा घालायची आहे. काम तिच्याकडूनच करून घ्यावे, त्याच वेळी ॲडमिन पासवर्ड बदलून तो बिल भरणाऱ्याने स्वतःच्या हाताने टाइप करावा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीचा कॉल चालू असताना फास्ट डॉट कॉमवरचा दुसरा आकडा पुन्हा बघावा.