उतारवाले दादा

बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. उतारवाले दादा घाटावरचे. बुलडाणा, चिखली, मेहकरकडे गाडी लावायला कुठे ना कुठे उतार सापडतोच. मलकापूर-नांदुरा म्हणजे पूर्णेचं सपाट खोरं. तिथे मुक्काम करायची दादांची छाती होत नाही. पुतणीला मलकापूरचं स्थळ आलं तेव्हा शेती, नोकरी, पत्रिका बाकीच्यांनी पाहिलं. दादांनी एवढंच विचारलं, "कार्यालयासमोर उतार हाय का?"

असे दादा एकटे नाहीत, तालुक्यागणिक निघतील. नव्वदच्या दशकातली डिझेल कमांडर जीप आणि सीटखाली एक गोटा, ही त्यांची ओळख. रात्री गोटा चाकापुढे लावायचा, सकाळी नातवाने तो काढायचा. गाडी घरंगळली की दुसरा गिअर, क्लच सोडला, एक हिसका, काळा धूर आणि निघाली स्वारी. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं. म्हणून बॅटरी पार बसली तरी उतारावर भागतं. मुलाच्या नव्या गाडीचे इंजेक्टर करंटवाचून तोंड उघडत नाहीत, त्यामुळे दादा तिला गाडीच मानत नाहीत. कॅडिलॅकने विजेचा सेल्फ 1912 साली आणला, पण तो दादांपर्यंत अजून पोचायचाय.

बॅटऱ्या मात्र त्यांनी वेळोवेळी घेतल्या. नवी बॅटरी महिना-दोन महिन्यांत मान टाकते, मग "आजकाल मालच खराब येतो" हे वाक्य ठरलेलं. खरं तर बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरली की प्लेटांवर शिशाचं सल्फेट घट्ट बसतं आणि ती चार्जच घेईनाशी होते. डिस्टिल्ड वॉटर ओतून ते निघत नाही. दादा तरीही ओततात.

अखेर नातवाने गाडी वायरिंगवाल्याकडे नेली. त्याने बॅटरीची काळी वायर सोडली, मीटर 10 अँपिअरवर घेतलं आणि एक टोक वायरला, दुसरं बॅटरीला लावलं. आजच्या गाडीने बंद असताना 50 मिलिअँपिअरपर्यंत करंट खाल्ला तर चालतो. या जीपमध्ये कॉम्प्युटर नाही, म्हणजे आकडा शून्याजवळच हवा. निघाला 0.4 अँपिअर. दिवसाला जवळपास 10 अँपिअर-तास! 80 ची बॅटरी चार दिवस उभी राहिली की अर्धी रिकामी.

"सुरू होते का पाहतो," म्हणत दादांनी याच वेळी किल्ली फिरवली. सेल्फ शेकडो अँपिअर मागतो. मीटरचा फ्यूज उडाला. वायरिंगवाल्याने काही न बोलता किल्ली काढून आपल्या खिशात टाकली.

नवा फ्यूज घालून त्याने गाडीचे फ्यूज एकेक करून उपसले. आकडा हलेना. अल्टरनेटरचा डायोड गळत असेल म्हणून त्याची जाड वायर सोडली, तरी 0.4. मग बॅटरीच्या टर्मिनलवरून निघालेली एक लाल वायर दिसली. ती मॅटखालून थेट मागच्या सीटखाली, आठ वर्षांपूर्वी वरातीसाठी बसवलेल्या अँप्लिफायरला. त्याला चालू-बंद करणारी बारीक वायर किल्लीच्या लाईनवर हवी. घाईत ती या लाल वायरलाच गुंडाळली होती. टेप कधीच चोरीला गेला, स्पीकर उंदरांनी खाल्ले, अँप्लिफायर मात्र रात्रंदिवस जागा.

"काढून टाकू का दादा?"

"काहून? जावयानं बसवेल हाय. थो काय म्हणंल?"

मग बारीक वायर किल्लीच्या लाईनवर घेतली, लाल वायरला फ्यूज घातला. मीटरवर शून्य. दोन दिवसांनी दादांनी सवयीने गोटा काढण्याआधी किल्ली फिरवून पाहिली. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. दादा दचकून खाली उतरले आणि काय बिघडलं ते पाहायला त्यांनी बॉनेट उघडलं.