चहाडखोर गाडी

अमेरिकेत सिएटलजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांच्या गाडीच्या विम्याचा हप्ता २०२२ मध्ये एकदम २१ टक्क्यांनी वाढला. त्यांच्या चुकीने कधी अपघात झालेला नव्हता. दुसऱ्या कंपन्यांकडे चौकशी केली, तर तिथेही दर चढेच. शेवटी एका एजंटाने सांगितलं की लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या लेक्सिसनेक्सिस या कंपनीकडे तुमचा अहवाल आहे, तो मागवा. मागवला, आणि २५८ पानांचं बाड हाती आलं. त्यातल्या १३० हून अधिक पानांवर नवराबायकोने सहा महिन्यांत आपल्या शेव्हरोले बोल्टमधून केलेल्या ६४० फेऱ्या होत्या. कधी निघाले, कधी पोचले, किती अंतर कापलं, वेग कधी वाढला, ब्रेक किती वेळा करकचून दाबला, सगळं तारीखवार.

ही माहिती गाडीनेच पाठवली होती. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सकडून ती लेक्सिसनेक्सिसकडे गेली आणि तिथून विमा कंपन्यांच्या टेबलावर. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे छापलं, तेव्हा कुठे जनरल मोटर्सने हा व्यवहार थांबवला. गाडीचा ठावठिकाणा काही वेळा दर तीन सेकंदांनी टिपला जात होता, असं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं आणि जनरल मोटर्सने अशी माहिती लेक्सिसनेक्सिससारख्या कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी प्रस्तावित केली. मालकाच्या पैशाने चालायचं आणि त्याच्याच घरचे वासे मोजायचे, हा धंदा पाच वर्षांपुरता का बंद? कायमचा का नाही?

आणि भाव काय मिळाला? सिनेटर रॉन वायडन आणि एडवर्ड मार्की यांनी जुलै २०२४ च्या पत्रात आकडे दिले आहेत. होंडानेही सुमारे ९७ हजार गाड्यांची माहिती व्हेरिस्क या अशाच एका कंपनीला दिली आणि २५,९२० डॉलर घेतले. म्हणजे गाडीमागे २६ सेंट, आपले वीस-बावीस रुपये. एका वडापावाच्या पैशात एका कुटुंबाचं येणंजाणं विकलं गेलं. ह्युंदाईला गाडीमागे ६१ सेंट मिळाले. हे वाचून मला संताप आला तो विक्रीचा जितका, तितकाच या किमतीचा.

गाडीत नोंद होऊच नये, असं मी म्हणणार नाही. एअरबॅगच्या यंत्रणेसोबत एक छोटी नोंदपेटी असते. धडकेआधीच्या काही सेकंदांतला वेग, ब्रेक, पट्टा लावला होता की नाही, एवढं ती जपते. अपघातात चूक कोणाची, हे ठरवायला ती उपयोगी पडते आणि पडावी. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदाच केला की या पेटीतली माहिती गाडीच्या मालकाची. त्याची संमती किंवा कोर्टाचा हुकूम असल्याखेरीज, मोजके अपवाद सोडता, ती कोणी काढायची नाही. फार चांगला कायदा. पण तो या पेटीपुरताच. धडकेच्या काही सेकंदांना कुलूप लावलं आणि बाकी सारा दिवस डॅशबोर्डमागच्या सिमकार्डातून वाहून जायला मोकळा ठेवला. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये मोटारींच्या २५ ब्रँडची गोपनीयता धोरणं तपासली. एकही उत्तीर्ण झाला नाही. निसानच्या धोरणात तर ग्राहकाच्या लैंगिक व्यवहाराची माहितीही गोळा होऊ शकते, असं लिहिलेलं होतं. मोटार कारखानदाराला ती कशाला हवी?

आपल्याकडेही गाड्यांत सिमकार्ड आलं आहे, मोबाइल अ‍ॅप आलं आहे. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्येच ‘जशी चालवाल तसा हप्ता’ या तऱ्हेच्या विम्याला वाट करून दिली. चालकाने समजून-उमजून घेतला तर माझी हरकत नाही. पण मोजणार काय? पुण्यात कर्वे रस्त्यावर उलट्या बाजूने दुचाकी अंगावर येते, चालक ब्रेकवर उभा राहतो, दोघांचे जीव वाचतात. यंत्राच्या लेखी एक ‘करकचून ब्रेक’ वाढला. उलटा आलेला नोंदीत नाही, वाचलेला जीवही नाही. आपल्या रस्त्यांवर चांगल्या चालकाची खूण म्हणजे वेळेवर दाबलेला ब्रेक, आणि तोच त्याच्या खात्यावर काळा डाग म्हणून पडणार.

संमती कशी घेतली जाते, तेही पाहा. गाडी ताब्यात घ्यायचा दिवस. बॉनेटवर हार, हातात पेढे, मुलं फोटोसाठी ताटकळलेली. शोरूममधला पोरगा फोन मागून घेतो, अ‍ॅप टाकतो, तीन-चार ठिकाणी टिचकी मारतो आणि म्हणतो, “सर, ओटीपी आला असेल, सांगा.” सांगितला, की झाली संमती. पानभर अटी ना त्याने वाचल्या, ना मालकाने. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यामागे पुढची गाडी उभी असते. दोष त्या रीतीचा आहे, आणि ती बसवणाऱ्या कंपनीचा.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा आपला कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीची मुख्य बंधनं पाळायला कंपन्यांना अठरा महिने दिले गेले. या काळात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचं काय, हे आत्ताच ठरवायला हवं. माहिती पाठवणं मुळात बंद असावं, हवं त्याने चालू करावं. ती विमा कंपनीला द्यायची तर वेगळ्या कागदावर, वेगळ्या सहीने. आणि जिच्या आधारे हप्ता वाढवणार, ती नोंद वाढीच्या आधी, फुकट आणि मराठीत मालकाच्या हाती पडली पाहिजे, खोडून काढायला पुरेशी मुदत देऊन.