ड्रेसाजचे जाणकार व्हा, खोगिराला हात न लावता!

२०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारतीय चमूने ड्रेसाज या अश्वारोहणाच्या प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. तेव्हापासून घोड्याविषयी काहीच मत नसणं शोभत नाही. म्हणून हे धडे.

मैदानाच्या कठड्यापाशी हाताची घडी घालून उभे राहा. घोड्याचं फक्त डोकं बघा. उरलेला घोडा नवशिक्याला उगाच गोंधळात पाडतो. हनुवटी छातीला टेकायला आली की “काय कलेक्शन आहे!” असं शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत म्हणा. नाक जितकं आत, तितका स्वार थोर.

शेजारी नेमका जाणकार निघाला तर नियम ऐकवेल: कानांमागचा माथा सगळ्यात उंच हवा आणि कपाळापासून नाकापर्यंतची रेघ ओळंब्याच्या किंचित पुढे. “याची मान माथ्यापाशी वळलेलीच नाही, खाली तिसऱ्या मणक्यापाशी मोडलीय,” असंही म्हणेल. तुम्ही “जातच तशी आहे” म्हणून मोकळे व्हा.

फारच अडलात तर मागचे पाय बघावे लागतील. हा भाग कंटाळवाणा, कारण खरं कलेक्शन, म्हणजे घोड्याने आपलं वजन मागच्या पायांवर पेलणं, तिथेच असतं. स्वस्थ उभ्या घोड्याचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मागचे पाय पोटाखाली येऊ लागतात, त्यांचे सांधे दुमडतात, पुठ्ठा खाली बसतो, खांदे हलके होतात आणि मान आपसूक वर येते. म्हणजे डोकं सगळ्यात शेवटी! पियाफमध्ये, म्हणजे जागच्या जागी केलेल्या दुडकीत, हे लख्ख दिसतं. पुठ्ठा वरच राहिला आणि मागचे पाय मागेच रेंगाळले, तर पुढची ती डौलदार कमान लगामाने ओढून आणलेली.

आणखी एक खोडसाळ परीक्षा आहे. स्वार दोन-चार पावलं हात पुढे नेऊन लगाम सैल सोडतो. डोकं होतं तिथेच राहिलं, तर घोडा स्वतःला तोलतो आहे. नाक फेकलं किंवा घोडा पुढे कोसळल्यासारखा झाला, तर इतका वेळ त्याला स्वाराचे दंड तोलत होते. ही परीक्षा चालू असताना मोबाइल बघावा.

तोंडाकडे तर मुळीच पाहू नका. आवळलेला नाकपट्टा, वासलेलं तोंड, निळसर जीभ यांनी फोटो बिघडतो.

एवढं मात्र ध्यानात ठेवा: जबरदस्तीने मान छातीशी आवळण्याला रोलकुर म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०१० मध्येच ते अमान्य ठरवलं आहे. तेव्हा “काय कलेक्शन आहे!” जरा हळूच म्हणा.