सनदशीर गृहस्थ

हे गृहस्थ लायडनला सापडतात, नाइमेगेनला सापडतात, प्रिन्स्टनलाही सापडतात. मुक्काम मात्र आठव्या शतकातल्या कूफ्यात नाहीतर बसऱ्यात. आपल्या गल्लीत पाव कुठे मिळतो हे त्यांना सांगता यायचं नाही. पण मदिनेच्या मालिक इब्न अनस यांनी कोणती हदीस नाफिअकडून ऐकली आणि नाफिअनं ती इब्न उमरकडून, हे मध्यरात्री उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील.

हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतीची आठवण. तिच्या आधी सनद येते, म्हणजे अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं फलाण्याकडून, अशी नावांची माळ. तुम्हीआम्ही ती ओलांडून मजकुराकडे जाऊ. गृहस्थ माळेतच अडकतात. पुढे मजकूर वुजूचा (नमाजाआधी हातपाय धुण्याचा) असो, उधारीचा असो की तलाकचा, त्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

त्यांचं दैवत योझेफ शाख्त. इस्लामी कायद्याच्या उगमावरच्या १९५० सालच्या ग्रंथात शाख्त यांनी मांडलं, की सनदा मागे मागे वाढत जातात. मत मुळात एखाद्या शहरातल्या फकिहाचं, म्हणजे कायदेपंडिताचं. वाद पेटला की ते पैगंबरांच्या सोबत्याच्या नावावर चढतं, आणि तेवढ्यानं भागलं नाही की थेट पैगंबरांच्या. शिवाय एक हत्यार : जी हदीस पुढे केल्यावर वाद जागच्या जागी मिटला असता, ती त्या वादात कुणी काढलीच नसेल, तर ती तेव्हा नव्हतीच!

हे हत्यार घरात चालवू नये. गृहस्थ चालवतात.

"सोमवारी तुला पाव आणायला सांगितलं होतं," बायको म्हणाली.

"मंगळवारी आपण कडाक्याचे भांडलो. तू माझ्या भावाच्या लग्नापर्यंतचं सगळं उकरून काढलंस. त्यात पाव नव्हता. म्हणजे ही आज्ञा मंगळवारनंतर रचलेली आहे."

"आई म्हणायचीच, या माणसाला काही सांगण्यात अर्थ नाही."

"बघ! मागच्या वर्षी हे तुझं स्वतःचं मत होतं. यंदा आईच्या नावावर गेलं. पुढच्या वर्षी आजीपर्यंत पोचेल."

लायडनकरांचा थोडाफार समज असा, की संशय ही आपली देणगी. मला तसं वाटत नाही. बसऱ्याचा शुअबा (मृत्यू ७७६) एका रावीच्या, म्हणजे हदीस सांगणाऱ्याच्या, दारात पोचला, आतून तंबूर ऐकू आला, आणि हदीस न ऐकताच माघारी वळला. दुसऱ्याला त्यानं तट्टू दौडवताना पाहिलं आणि कायमचा वगळला. रावींच्या चारित्र्याच्या नोंदींचे पुढे खंडच्या खंड झाले. म्हातारपणी कुणाची स्मृती गेली आणि कुणी त्याच्याकडून ती जाण्याआधी ऐकलं, हेही त्यात आहे. गृहस्थांना हे किस्से फार प्रिय. अर्थात सनद तपासून. जाबिर इब्न अब्दुल्लांनी एका हदीशीसाठी उंट विकत घेतला आणि महिनाभर प्रवास करत शाम (सीरिया) गाठलं, ही हकीकत सांगताना तर पावासाठी कोपऱ्यापर्यंत न जाणाऱ्या या माणसाचा कंठ दाटून येतो.

त्यांच्या भाऊबंदकीतही रक्त सांडत नाही, शाई सांडते. १९९३ साली लायडनच्या युइनबोल यांनी नाफिअ खरोखर होऊन गेला का, इथूनच शंका काढली. तीन वर्षांनी हाराल्ड मोत्स्की यांनी त्याला भलाथोरला लेख लिहून पुन्हा उभा केला. बाराशे वर्षं निवांत पडलेला माणूस. त्याला मरण काय नि जन्म काय, दोन्ही एकाच जर्मन नियतकालिकात.

बायकोनं हा वाद जेवताना इतक्यांदा ऐकला होता, की मोत्स्की यांची रीत तिला पाठ झाली होती : सनदा आणि मजकूर शेजारी शेजारी मांडायचे, शब्द कुठे बदलतात ते बघायचं, आणि वेगवेगळ्या फांद्या एका माणसापाशी मिळाल्या की मूळ तिथवर न्यायचं. तिनं मुलीला बोलावलं. मुलगी म्हणाली, "आई म्हणाली, पाव संपलाय, बाबा आणतील." मग शेजारणीला. "ही सोमवारी म्हणत होती, नवऱ्याला पाव आणायला सांगितलंय, बघू या." दोघींचे शब्द वेगळे, गाभा एक, आणि दोघींची आठवडाभरात गाठ पडलेली नाही.

गृहस्थ आनंदानं उठून उभे राहिले. "दोन स्वतंत्र फांद्या! सामायिक दुवा तू! काळ, सोमवार!" त्यांनी कोट अंगावर चढवला. बायकोला वाटलं, निघाले एकदाचे पाव आणायला. दाराशी ते थबकले.

"पण यानं इतकंच सिद्ध होतं, की तू सांगितलंस. मी ऐकलं, हे अजून सिद्ध व्हायचंय."

आणि कोटासकट ते अभ्यासिकेत शिरले.